जलपर्णी, विषाविना: उल्हास नदीचं उदाहरण

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसानं नदीतल्या जलपर्णीवर बोलावं, हे काहींना विचित्र वाटलं असेल. पण जलपर्णीवरून दर उन्हाळ्यात जो वाद होतो, तो मुळात ‘कारण कशाला म्हणायचं’ याचा वाद असतो, आणि कार्यकारणभाव हा तर आमचा जुना विषय. तेव्हा आज आपण उल्हास नदी समोर ठेवू. प्रश्न एवढाच, की तणनाशक न फवारता जलपर्णी आटोक्यात ठेवता येते का? आमचं उत्तर ‘येते’ असं आहे. मात्र ज्या महिन्यांत आपण तिच्यामागे धावतो, त्या महिन्यांत ती हाती लागत नाही.

आधी नदी पाहू. उल्हास राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांतून निघते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणकडे येते, आणि कल्याणच्या खाली तिची खाडी होते. भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रातून वीज तयार करून सोडलेलं पाणी तिला मिळतं, म्हणून सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या इतर नद्या मे महिन्यात कोरड्या पडतात तेव्हाही ही वाहती असते. वाटेत एमआयडीसी आणि निरनिराळ्या पालिका तिच्यातून पाणी उचलतात. आपण नवी मुंबईकर म्हणणार, आमचं पाणी मोरबे धरणाचं! खरं आहे, पण दिघा-ऐरोलीच्या बाजूला एमआयडीसीचं पाणीही येतं. तेव्हा या नदीत काय वाढतं आणि त्यावर काय फवारलं जातं, हा पलीकडच्या तालुक्याचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही.

आता ही वनस्पती. गावाकडे हिला केंदाळ म्हणतात. ‘जलपर्णी’ हे नाव फारच गोड झालं. मूळची अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची म्हणून बंगालमध्ये आली आणि तिथून पसरली. फूल खरोखर देखणं आहे: फिकट जांभळं, वरच्या पाकळीवर मोरपिसाच्या डोळ्यासारखा पिवळा ठिपका. देठ फुगीर असतो, त्यात हवा असते, म्हणून ती तरंगते. मुळं पाण्यातच लोंबतात, त्यांना मातीची गरज पडत नाही. शंभर किलो जलपर्णी काढली तर त्यात नव्वद किलोंहून जास्त पाणीच असतं, हे ध्यानात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

तिचं वाढणं दोन वाटांनी होतं. एक, आडवा धुमारा फुटतो आणि त्याच्या टोकाला नवं रोप येतं. दुसरी वाट बियांची. बी खाली चिखलात बसतं आणि पंधरा-वीस वर्षंसुद्धा जिवंत राहू शकतं. पाणी ओसरून चिखल उघडा पडला, ऊन लागलं, की उगवतं. म्हणजे आज समूळ काढली म्हणून आनंद करावा, तर खाली तळाशी पुढच्या पिढ्या निवांत झोपलेल्या असतात. म्हणून ‘निर्मूलन’ हा शब्द आम्हांला इथं पटत नाही. शेतकरी बेणणी करतो तेव्हा ‘तणाचं निर्मूलन केलं’ असं म्हणत नाही. ‘तण खाई धन’ हे त्याला पक्कं ठाऊक असतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बेणावं लागणार हेही.

दाट थर झाला की काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे. खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासळी मरते, डास वाढतात, पाणी उचलण्याच्या जागी जाळ्या तुंबतात. यावर जास्त बोलत नाही.

मग ही येते का? इथं न्यायशास्त्राची थोडी मदत घेऊ. कारण ओळखण्याची तिथली कसोटी म्हणजे अन्वय-व्यतिरेक: ते असताना हे असतं, ते नसताना हे नसतं. आणि प्रत्येक आधीची गोष्ट म्हणजे कारण नव्हे, हे समजावायला कुंभाराच्या गाढवाचं उदाहरण देतात. गाढवानं माती वाहून आणली हे खरं, पण घडा होण्याचं ते कारण नाही. माती दुसऱ्या कशानंही आणली असती तरी घडा झालाच असता.

‘परदेशी वनस्पती आहे, म्हणून माजली’ हे जे सर्रास म्हटलं जातं, त्यात हे गाढव आहे. मिरची परदेशी, बटाटा परदेशी, आपल्या कोकणाचा काजू परदेशी. ती झाडं नदी झाकून टाकत नाहीत. मात्र या वाक्यात एक खरा अंशही दडलेला आहे, आणि त्यालाही न्यायशास्त्रात नाव आहे: प्रतिबंधकाभाव. अग्नी आहे, लाकूड आहे, तरी अडवणारा एखादा मणी जवळ असला तर जाळ होत नाही, असं ते मानत. म्हणून अडवणाऱ्याचा अभाव हेही कार्य घडण्याचं एक कारण धरायचं. जलपर्णीच्या मायदेशी तिला खाणारे किडे आहेत. ती इकडे आली, ते तिकडेच राहिले.

तेव्हा कारणं तीन झाली. रोप किंवा बी, त्याचं खाद्य, आणि अडवणाऱ्याचा अभाव. खाद्य म्हणजे नत्र आणि स्फुरद, जे शेतकरी पोत्यानं विकत आणतो आणि आपण सांडपाण्यातून नदीला फुकट देतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत महाराष्ट्रातले 53 प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यात उल्हासचा बदलापूर ते मोहने हा पट्टा आहे. आणि जलपर्णीच्या बातम्या कुठून येतात? रायते, मोहने. अन्वय इथं डोळ्यांना दिसतो. वरच्या अंगाला, वाहत्या आणि खडकाळ पात्रात ती अशी माजत नाही; हा व्यतिरेक. ‘वनशक्ती’ या संस्थेनं उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला, तो याच दुसऱ्या कारणाचा पाठपुरावा होता. ते काम वर्षानुवर्षांचं आहे. ते होईपर्यंत काय करायचं, एवढंच आज बोलू.

आता थोडं गणित, घाबरू नका. ऊब आणि खाद्य भरपूर असेल तर जलपर्णीचा व्याप आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकतो. आपण सावधपणे पंधरा दिवस धरू. एक डिसेंबरला एका वळणावर एक गुंठा जलपर्णी आहे. एक जानेवारीला चार गुंठे. एक फेब्रुवारीला सोळा. एक मार्चला चौसष्ट, म्हणजे दीड एकराच्या वर. एक एप्रिलला दोनशे छप्पन्न गुंठे, म्हणजे सहा एकरांहून जास्त. प्रत्यक्षात थंडी असते, दाटी होते, वारा पुंजके हलवतो, त्यामुळे आकडे असे नेटके येणार नाहीत. पण चाल हीच. वजनाकडे बघा. दाट थराचं ओलं वजन हेक्टरी दोनशे टनांच्या घरात किंवा त्याहून जास्त भरतं, म्हणजे गुंठ्याला दोन टन. डिसेंबरात जे एका टेम्पोचं काम होतं, ते एप्रिलात पाचशे टनांचं झालं. दहा टनांचा डंपर धरला तर पन्नास फेऱ्या, आणि वाहून काय न्यायचं, तर बहुतांशी पाणी!

याच गणिताची दुसरी बाजू जास्त बोचरी आहे. समजा एप्रिलात पोकलेन लावून नव्वद टक्के जलपर्णी काढली. लोक म्हणतील, छान काम झालं. पण उरलेल्या दहा टक्क्यांची पुन्हा शंभर टक्के व्हायला किती वेळ लागतो? तीन दुपटींत ऐंशी टक्के, चौथ्या दुपटीच्या मध्यातच शंभर. साधारण पन्नास दिवस. ‘एवढा खर्च केला आणि परत आली’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्यामागे भ्रष्टाचार असेलही, नसेलही. पण काम अगदी प्रामाणिकपणे झालं असतं तरी ती परत आलीच असती.

आणि इथंच आपल्या भागाला निसर्गानं एक सवलत दिली आहे. जलपर्णीला खारं पाणी सोसत नाही. समुद्राच्या खारटपणाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासच ती माना टाकते. दर पावसाळ्यात उल्हासला पूर येतो, उन्हाळाभर साचलेला थर सुटतो आणि खाडीकडे जातो. काही दिवस कोळ्यांच्या जाळ्यात अडकतो, त्यांना वैताग देतो, आणि पुढे खारं पाणी लागलं की मरतो. आपल्या ठाणे खाडीत कांदळवन टिकतं आणि केंदाळ टिकत नाही, त्याचं कारण हेच. म्हणजे पावसाळा संपतो तेव्हा नदीत वर्षातली सगळ्यांत कमी जलपर्णी उरलेली असते. पुलाच्या खांबामागे चार रोपं, बंधाऱ्याच्या कोपऱ्यात एक पुंजका, नाल्याच्या तोंडाशी थोडी, काठच्या डबक्यांत थोडी. सगळी नदी पुढच्या मार्चमध्ये झाकणारी आई ही एवढीशी असते.

तेव्हा काम करायचं ते तुळशीच्या लग्नापासून संक्रांतीपर्यंत. आपल्याकडे काय होतं? मार्चमध्ये नदी हिरवी दिसते, छायाचित्रं छापून येतात, आंदोलन होतं, मग निविदा, मग कार्यादेश. यंत्रं पाण्यात उतरतात तोवर मे उजाडतो. जूनमध्ये पूर येऊन नदी स्वच्छ करून जातो, आणि डिसेंबरात विषय कुणाच्याच ध्यानात नसतो, कारण तेव्हा दिसायला काहीच नसतं. जे दिसत नाही त्यासाठी तरतूद कशी मागायची, ही खरी अडचण आहे. 

प्रत्यक्ष पद्धत तशी साधी आहे. दोन माणसं, एक होडी, लांब दांड्याचं दाताळं आणि जाळं. आधी लपण्याच्या जागांची यादी करायची. नदीकाठचे मासेमारी करणारे ती तोंडपाठ सांगतात. फुलावर आलेली रोपं सर्वांत आधी उचलायची, बी धरण्यापूर्वी. रोप अख्खं, धुमाऱ्यासकट उचलायचं. तोडून तुकडे केले तर प्रत्येक जिवंत धुमारा पुन्हा रोप होतो. कापणी यंत्रांचा हा एक दोषच आहे: तुकडे प्रवाहाबरोबर खाली जातात आणि खालच्या गावाला भेट मिळते. म्हणून कामाच्या खालच्या अंगाला बांबू किंवा रिकामे पिंप दोराला बांधून तरंगता अडसर घालायचा. मग दर दोन-तीन आठवड्यांनी त्याच जागी परत जायचं. पुन्हा पुन्हा जाणं हाच या पद्धतीचा प्राण आहे. एकदाच मोठी मोहीम, हजार स्वयंसेवक, टोप्या, भाषणं: याला आमचा विरोध नाही, पण त्या हजारांतले दोघं दर पंधरवड्याला आले तर नदीचं जास्त भलं होईल.

काढलेली जलपर्णी काठावर ढीग करून ठेवण्याची वाईट खोड आपल्याला आहे. ती तिथंच कुजते, काळं पाणी परत नदीत, म्हणजे खाद्य परत नदीत. उरलेली पुरात वाहून जाते. पूररेषेच्या वर नेऊन पसरायची, उन्हात वाळवायची. वाळली की वजन दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं, मग वाहतूक सोपी. काठावरच्या बेशरमच्या झुडपांनाही हेच लागू. कापलेली फांदी ओल्या मातीत टाकली की फुटते, नावाला जागते.

आता तिसरं कारण, अडवणारा. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेनं निओकेटिना या सोंडवाल्या भुंगेऱ्याच्या दोन जाती आणल्या. दुसऱ्या कुठल्या पिकाला त्या त्रास देत नाहीत ना, हे तपासून मगच त्या बंगळूरच्या तलावांत सोडल्या. चार-पाच मिलिमीटरचा जीव. मोठा किडा पानं खरवडतो, अळी देठ पोखरत गड्ड्यापर्यंत जाते. तीन-चार वर्षांत काही तलावांत चांगला गुण आला. गाजर गवतावरचा मेक्सिकन भुंगेरा आपल्याकडे आला तोही याच संस्थेतून, साधारण त्याच काळात. पूर्व आफ्रिकेत व्हिक्टोरिया सरोवरावर 1995 पासून हेच निओकेटिना सोडले गेले आणि दशक संपता संपता जलपर्णी खूप ओसरली. त्यात भुंगेऱ्यांचा वाटा किती आणि त्या वर्षांतल्या वादळी हवामानाचा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. असे वाद असणं चांगलं.

उल्हासच्या मुख्य पात्रात भुंगेऱ्यांवर फार भिस्त ठेवू नये, असं आमचं मत आहे. पूर जसा जलपर्णीला नेतो तसा त्यांनाही नेतो, आणि सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी ते खातात त्याहून वेगानं वाढते. शिवाय हातानं सगळी जलपर्णी काढली तर भुंगेरे उपाशी मरतात. एका जागी दोन्ही उपाय एकमेकांना मारक ठरतात. साचलेल्या तलावांत, बंद पडलेल्या दगडखाणींच्या पाण्यात मात्र ते उपयोगी आहेत, वाट पाहायची तयारी असेल तर.

आणि फवारणी? ग्लायफोसेटच्या बाजूनं बोलणारे अडाणी नसतात. स्वस्त, झटपट, मजुरांना गाळात उतरावं लागत नाही, हे मुद्दे खरे आहेत. विषारीपणाविषयी मतभेद आहेत: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये त्याला ‘बहुधा कर्ककारक’ म्हटलं, काही देशांच्या नियामकांना ते मान्य नाही. आपल्या केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये त्याच्या वापरावर निर्बंध आणले. पण आमचा मुख्य आक्षेप निराळा आहे, आणि रसायन अगदी निर्धोक निघालं तरी तो उरतो. मारलेली जलपर्णी जाते कुठे? ती तळाला बसते आणि कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि तिनं शोषून घेतलेलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात सोडते. तिथं बी वाट पाहतच असतं. तीन कारणांपैकी एक तात्पुरतं काढलं आणि दुसरं भरून ठेवलं. हातानं काढून दूर नेली तर रोपाबरोबर खाद्यही नदीबाहेर जातं; तो फरक आम्हांला निर्णायक वाटतो.

हा वाद नवा नाही. बंगालमध्ये जलपर्णीनं भातशेती आणि जलमार्ग अडवले तेव्हा 1921 मध्ये समिती नेमली गेली, अध्यक्ष साक्षात जगदीशचंद्र बोस. फवारणीच्या औषधांचे प्रयोग त्या काळातही झाले. 1936 मध्ये कायदा झाला, की आपल्या जागेतली जलपर्णी ज्याची त्यानं काढावी. 1937 च्या निवडणुकीत पक्षांनी जलपर्णी हटवण्याची आश्वासनं दिली होती! त्या कायद्याची मेख लक्षात घ्या. वनस्पती तरंगती आणि जबाबदारी मात्र सातबाऱ्यावर बांधलेली. उल्हासवर आज ग्रामपंचायती आहेत, नगरपालिका, महानगरपालिका, एमआयडीसी, पाटबंधारे खातं. मोहन्याला साचलेली जलपर्णी बदलापूरच्या बाजूला जन्मलेली असू शकते. वरच्यानं डिसेंबरात टेम्पोभर काढली तर खालच्याचे पन्नास डंपर वाचतात, पण वरच्याला त्याचं काहीच मिळत नाही. नदीला एक वही हवी: कुठे, कधी, किती काढली. ती सगळ्यांनी मिळून लिहायची, आणि खालच्यानं वरच्याच्या खर्चात वाटा उचलायचा.

एक गोष्ट राहिली, आणि ती सांगितल्याशिवाय आम्ही खाली बसणार नाही. ‘रसायनमुक्त’ म्हटलं की आपल्याला फार पवित्र वाटतं. पण रसायनमुक्त म्हणजे कोणीतरी माणूस कमरेइतक्या सांडपाण्यात उभा आहे. त्या पाण्यात लेप्टोचा धोका, काचा, साप. रसायनाचा धोका टाळून आपण तो धोका कंत्राटी मजुराच्या अंगावर ढकलला, तर नैतिक हिशेब जमला असं म्हणता येत नाही. होडीतून काम, उंच बूट, हातमोजे, नंतर अंघोळीला स्वच्छ पाणी, रास्त मजुरी: हे निविदेत लिहिलेलं असलं पाहिजे. आणि इथंही डिसेंबरचं काम बरं पडतं. चार रोपं होडीतून उचलता येतात, सहा एकरांच्या थरात माणसाला उतरावंच लागतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

पहिला प्रश्न: जलपर्णी पाणी शुद्ध करते असं वाचलं, मग काढायची कशाला? ती नत्र, स्फुरद, काही जड धातूही शोषते हे बरोबर आहे. पण शोषणं म्हणजे उचलून ठेवणं. ती तिथंच कुजली की ठेव परत. शुद्धीकरणासाठी वापरायची तर बंदिस्त टाकीत, ठरावीक दिवसांनी कापणी करून. उघड्या नदीत तो युक्तिवाद चालत नाही.

दुसरा: टोपल्या, कागद, खत, यांतून रोजगार होईल का? टोपल्या होतात, चांगल्या होतात. पण धंद्याला बारमाही कच्चा माल लागतो, आणि आपल्याला तर तो माल संपवायचा आहे. ज्याचं पोट जलपर्णीवर चालेल त्याला ती संपलेली कशी आवडेल? तेव्हा जोडधंदा म्हणून ठीक. खताचं म्हणाल तर शेणात मिसळून उत्तम कुजतं, मात्र झाड कोणत्या पाण्यातलं आहे हे आधी पाहा. वालधुनी किंवा तळोज्याच्या कासाडीसारख्या, कारखान्यांचं पाणी मिळणाऱ्या प्रवाहातली जलपर्णी असेल तर तिच्यात धातू उतरलेले असू शकतात. प्रयोगशाळेतून तपासणी होईपर्यंत ते खत भाजीपाल्याला घालू नका. रस्त्याकडेच्या शोभेच्या झाडांना घाला.